आपानासचे वाळुंज

होडीत उल्याना वल्ही मारायची आणि मी पुढच्या टोकाला, दुधाच्या रिकाम्या किटल्यांमध्ये पाय आखडून बसायचो. तिची पाठ माझ्याकडे असायची. काही बोलायचे झाले तर ती मान न वळवताच बोलायची. मला बोलणे कमी जमते, म्हणून ही व्यवस्था दोघांनाही सोयीची होती. निदान मला तरी होती. तिला काय वाटायचे हे मी कधी विचारले नाही.

प्रिप्यात नदीला वसंतात पूर येतो. तो ओसरू लागला की नदीच्या मधोमध आमचे कुरण हळूहळू वर येते. गावच्या गायी उन्हाळाभर तिथेच राहतात. त्यांना होडीत घालून नेतात आणि मग बायका रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन दूध काढून आणतात. मी या गावात ग्रंथपाल म्हणून आलो तेव्हा नदीवर सकाळी होड्यांची रांग असे, आणि किटल्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज वाचनालयात ऐकू येई. पुढे बायका म्हाताऱ्या झाल्या, गायी विकल्या गेल्या. शेवटी एकच होडी उरली, उल्यानाची. तिच्या दोन गायी आणि वरच्या वाडीतून पोहत येणारी काही वासरे, एवढेच काय ते कुरणावर चरायला.

गायी नसतील तर कुरणही राहत नाही, हे मला फार उशिरा कळले. गवत गुडघ्याच्या वर जाते, वाळुंजाची झुडपे माजतात, आणि ज्या पक्ष्यासाठी मी त्या होडीत बसत होतो तो उतरेनासा होतो.

त्याचे नाव मारादुन्का. तुतवारीच्या कुळातला, मुठीएवढा, करडा. पाय पिवळे. चोच किंचित वर वळलेली, जणू कुणी दुसऱ्याच विचारात असताना ती बोटाने वाकवून ठेवली आहे. चिखलावर तो असा ओणवा धावतो की वाटावे, याची टोपी वाऱ्याने उडाली आहे आणि हा ती पकडायला निघाला आहे. हिवाळा तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काढतो आणि मे महिन्याच्या तोंडाशी परत येतो. तोही नदीकाठी कुठेतरी येत नाही. आमच्याच कुरणाच्या मधल्या वाळूच्या उंचवट्यावर येतो. मी स्वतः मिन्स्कला जायचे झाले तरी आठवडाभर आधीपासून झोपत नाही. त्यामुळे असेल कदाचित, पण या पक्ष्याकडे पाहताना मला नेहमी थोडी लाज वाटायची आणि नजर मात्र हलवता यायची नाही.

एकेकाळी मे महिन्यात सगळे कुरण त्यांच्या शिट्ट्यांनी भरलेले असे. मी सांगतो आहे त्या वर्षाच्या आधीच्या वसंतात तीन घरटी झाली. तिन्ही कावळ्यांनी संपवली.

कावळे बसायचे ते आपानासच्या वाळुंजावर.

आपानास हा उल्यानाचा नवरा. आमच्याकडे ईस्टरच्या आधीच्या रविवारी वाळुंजाच्या कोवळ्या फांद्या चर्चमध्ये नेऊन मंत्रून आणतात. मग मेच्या सुरुवातीला, संत युऱ्याच्या दिवशी गायी पहिल्यांदा बाहेर काढताना त्याच फांदीने त्यांना हाकतात. कुरणावर पोचल्यावर ती फांदी जमिनीत रोवतात. वाळुंजाची फांदी कुठेही रोवा, ती मूळ धरते. पण पूर्वी गायी इतक्या होत्या की आठवड्याभरात सगळ्या फांद्या खाऊन फस्त होत आणि कुणाला त्याचे काही वाटत नसे. आपानासने त्याच्या शेवटच्या वसंतात, आजारी असताना, फांदी रोवली ती नेमकी वाळूच्या उंचवट्यावर. उन्हाळा सरेपर्यंत तो गेला. फांदी हिरवी होती. उल्यानाने तिच्याभोवती खुंट ठोकून कुंपण केले, गायींना तोंड लावू दिले नाही. आता ते झुडूप दोन माणसांएवढे उंच झाले होते.

पक्षी-केंद्राची मुख्य यादविगा, मिन्स्कची मुलगी. दर वसंतात नदीकाठच्या जुन्या शाळेत येऊन राहते, पहाटे जाळी लावते, पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घालते. कडी ओळखायला दुर्बीण घेऊन मी बसायचो, तेवढाच माझा उपयोग. त्या वर्षी मार्चमध्ये तिने मला चहाला बोलावले. मी कप रिकामा करेपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, "काका, उल्याना मावशीशी तुम्हीच बोला."

"कशाबद्दल?" मी विचारले. ठाऊक होते तरी.

"त्या झुडपाबद्दल. बाकीची आम्ही हिवाळ्यात तोडली. याला हात लावायला गेलो तर मावशी समोर उभी राहिली. म्हणाली, करवत आधी माझ्यावर चालवा."

"मग ती हो म्हणणार नाही."

"कावळ्याला उंच जागा लागते, काका. तिथून सगळं कुरण त्याला वाढलेल्या ताटासारखं दिसतं. गेल्या वर्षी परत आलेले सगळे मारादुन्का कडीवाले होते. मी केव्हातरी घातलेली कडी. बिनकड्याचा, तरुण असा एकही नाही. पिल्लंच वाचत नाहीत, तर नवीन कुठून येणार? हे म्हातारे येतील अजून दोन-तीन वर्षं. मग नाही येणार."

"परवानगी आहे ना तुझ्याकडे? मग तोडून टाक."

"तोडलं आणि मावशीने रागाने गायी आणणं बंद केलं तर? मग झुडपं काय, जंगलच होईल तिथे." तिने किटली पुन्हा शेगडीवर ठेवली. "तुमचं ऐकेल ती."

"माझं कुणी ऐकत नाही. वाचनालयात 'शांतता राखा' अशी मोठी पाटी होती. तिच्याखालीच उभे राहून लोक बटाट्याच्या भावावर भांडायचे."

यादविगा हसली, पण तिने विषय सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उल्यानाकडे गेलो. आमच्या घरांमध्ये एक कुंपण आहे आणि त्यात एक फळी नाही. तिथून न जाता मी रस्त्याने वळसा घालून पुढच्या दाराने गेलो. तिच्या खिडक्यांची निळी झापे तिने नुकतीच रंगवली होती, अजून वास येत होता.

ती किसलेल्या बटाट्याची धिरडी करत होती. मी दाराशीच उभा राहिलो.

"बस की. छत पडेल म्हणून धरून उभा आहेस का?"

मी बसलो. तिने ताटलीत धिरडे टाकले, वर आंबट साय घातली.

"यंदा पूर लवकर ओसरतोय," मी म्हणालो.

"हो."

"वाराही दक्षिणेचा आहे."

"हो. आणि सूर्य पूर्वेला उगवतो. लाव्होन, त्या पोरीने पाठवलंय ना तुला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कोट घातलायस. शेजारी यायला कुणी कोट घालतं? एक तर मागणी घालायला आला असशील, नाही तर झुडूप मागायला. आणि मागणी घालायची तुझी छाती नाही."

धिरडे माझ्या घशात अडकले. तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि पाठीवर एक थाप मारली, गायीला मारतात तशी.

"मी काही मागत नाहीये," मी म्हणालो. ते खरेही होते. मी काय मागायला आलो होतो हे मलाच नीट सांगता आले नसते. झुडूप राहिले तर पक्षी जाणार. ते गेले तर उल्याना काय करील याचा मी विचार करायचे टाळत होतो.

तीच बोलली. "दूध काढून झालं की मी तिथे का बसते, माहितेय? त्याच्याशी भांडायला."

"आपानासशी?"

"दुसऱ्या कुणाशी? तो म्हणत होता, गायी विकून टाक, तुला एकटीला झेपणार नाहीत. मी म्हटलं, एकटीला म्हणजे काय, तू कुठे चाललायस? त्याने तोंड भिंतीकडे केलं. झालं. दुसऱ्या आठवड्यात गेला. उत्तर न देता. आयुष्यभर शेवटचा शब्द त्यालाच लागायचा, मरतानाही सोडला नाही." तिने तव्यावरचे धिरडे उलटले. "आता मी रोज तिथे जाते आणि सांगते, बघ म्हाताऱ्या, झेपतंय. दोन किटल्या भरल्यात. बघ."

"तो काय म्हणतो?"

"पानं हलवतो. वाऱ्याने हलत असतील, मी काही खुळी नाही." तिने तवा उतरवून ठेवला. "ते तोडलंत तर मी कुणाला दाखवू? मग विकेन गायी आणि जाईन आल्योनाकडे ग्रोद्नोला. दर हिवाळ्यात बोलावतेच लेक. तिच्याकडे लिफ्ट आहे. गुडघ्याला बरं."

मला दाखवा, असे म्हणता आले असते. ते वाक्य मला घरी आल्यावर सुचले, कोट खुंटीला अडकवताना. तिथे मी एवढेच म्हणालो की धिरडी छान झाली आहेत. यादविगाला जाऊन सांगितले, जमले नाही. तिने मला काही बोल लावला नाही.

युऱ्याच्या दिवशी सकाळी उल्यानाने गोठ्याच्या उंबऱ्यावर अंडे आणि बंद कुलूप ठेवले. गायींनी ते ओलांडून बाहेर यायचे असते, अंडे शाबूत राहिले तर वर्ष चांगले जाते. म्हातारी गाय ओलांडून आली, मागून लिस्का आली, पहिल्याच वेताची तरुण गाय. अंडे जागच्या जागी राहिले. मी दुर्बीण घेऊन होडीत बसलो. उल्यानाच्या हातात हाकायला फांदी होती, आणि किटल्यांच्या खाली गोणपाटात गुंडाळलेली कुऱ्हाड होती. ती माझ्या पायाला लागली तेव्हा मला कळले. मी पाय आणखी आखडून घेतले.

नदी ओलांडताना ती एकदाच बोलली, पाठ माझ्याकडे असताना. "आले का तुझे पाहुणे?"

"काल एक दिसला."

"म्हणजे अंडी अजून नाहीत."

"नाहीत. पंधरवडा आहे."

कुरणावर गायी उतरवून ती सरळ उंचवट्याकडे चालू लागली. मी मागे. झुडपावरून कावळा उडाला आणि थोड्या अंतरावर जाऊन बसला, घरमालकासारखा. उल्यानाने ओढणी डोक्याला घट्ट बांधली. मग पायाच्या टोकाने बुंध्याजवळची माती उकरली. खालून टरफलांचे तुकडे निघाले, फिकट, तपकिरी ठिपक्यांचे. बरेच होते. काही जुने, काही गेल्याच वर्षीचे वाटावेत असे.

"तो इथेच बसून खातो," ती म्हणाली. "दर वर्षी. मी दूध काढून आले की पायाने मातीत लोटायची. तू तिकडे त्या टोकाला दुर्बीण लावून पिल्लं कधी निघतात ते बघत बसलेला असायचास."

"मला का नाही सांगितलंत?"

"किती आनंदात असायचास तू. वर्षातून तेवढेच दिवस." तिने कुऱ्हाड उचलली. "आणि सांगितलं असतं तर झुडूप मागितलं असतंस. न मागताही मागायला आलासच. कोट घालून."

तिने पहिला घाव घातला. मी पुढे झालो तर म्हणाली, "तू फांद्या धर. कुऱ्हाड तुझ्या हातात दिली तर दोन लाकडं पडतील, एक झुडपाचं आणि एक तुझं." मी फांद्या धरल्या. तोंडावर कोवळी पाने घासत होती, त्यांचा कडवट वास येत होता. ती घाव घालत होती आणि दर घावाला हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. माझ्यासाठी नव्हते ते, म्हणून मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. तरी 'झेपतंय' हा शब्द कानावर पडलाच.

झुडूप आडवे झाले तेव्हा गायी जवळ आल्या. आधी लिस्का आली, मग म्हातारी, मग वरच्या वाडीची वासरे. पाने खाऊ लागल्या. उल्यानाने हातातली युऱ्याची फांदी रोवली नाही, तीही लिस्काच्या तोंडात दिली.

"खाऊन टाकलं गं आपानासला," ती म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता खाली बसली. मी तिच्याजवळ उभा राहिलो. बसावे की नाही ते ठरवेपर्यंत ती उठली आणि दूध काढायला गेली.

त्या वर्षी दोन घरटी झाली. एक पुराच्या शेवटच्या पाण्यात गेले, कुणाचाच दोष नव्हता. दुसरे, तोडलेल्या बुंध्यापासून हाकेच्या अंतरावर, टिकले. जूनमध्ये एका सकाळी दुर्बिणीत काही हलले आणि मला वाटले वाऱ्याने गवतच हलते आहे. मग पुन्हा पाहिले. मी इतका घाईने होडीकडे गेलो की एक बूट चिखलात राहिला.

"किती?" उल्यानाने विचारले.

"चार!"

"चार. आम्हाला एकच झाली, तीही ग्रोद्नोला गेली." पण ती माझ्याबरोबर आली, वाकून, दबकत, आणि पहिल्यांदाच दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ तसाच ठेवला. "टोपी शोधतायत सगळी," ती म्हणाली. मला आठवत नाही मी ते तिला कधी सांगितले होते. कदाचित सांगितले असेल, तिच्या पाठीला.

पण ती उंचवट्यावर बसेनाशी झाली. दूध काढायची आणि लगेच होडी लोटायची. किटल्या भरल्या आहेत हे कुणाला सांगत नसे. जुलैत पक्षी गेले, नेहमीसारखे, निरोप न घेता, एका सकाळी जाऊन पाहावे तर चिखल रिकामा. शरद ऋतूत तिचा गुडघा सुजला. आल्योना येऊन तिचे सामान बांधू लागली. म्हातारी गाय विकली.

"लिस्काला तू ठेव," उल्याना कुंपणाच्या त्या उघड्या जागेत उभी राहून म्हणाली. "आणि होडी."

"मला दूध काढता येत नाही. वल्ही मारता येत नाहीत."

"पुस्तकात वाच." मग तिचा आवाज बदलला. "लाव्होन, एक तरी गाय तिकडे जायला हवी ना? मग तुझ्या त्या टोपीवाल्यांचं काय?"

बस आली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. तिने खिडकीतून हात केला. मी टोपी काढली. एवढेच.

हिवाळ्यात मी दूध काढायला शिकलो. लिस्काने मला दोनदा लाथ मारली आणि मग कंटाळून सोडून दिले. वल्ह्यांचे यादविगाने शिकवले, ती आमच्या गावात नेहमीपेक्षा लवकर आली होती. आणि युऱ्याच्या दिवशी सकाळी, मी होडीशी असताना, फोन वाजला.

"अंडं ठेवलंस का उंबऱ्यावर?"

"ठेवलं होतं."

"मग?"

"लिस्काने पाय दिला. बूट भरले माझे."

"अरे देवा. उकडलेलं ठेवायचं असतं, पुस्तकवाल्या! तू काय कच्चं ठेवलंस?" ती हसली, खूप हसली, मागे कुठेतरी लिफ्टचे दार बंद झाल्याचा आवाज आला. "आले का?"

"अजून नाही. वाट पाहतोय."

"त्यात तर तू हुशारच आहेस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुमचा गुडघा कसा आहे?"

"वर-खाली करतो लिफ्टमधून. मजा आहे त्याची."

"उन्हाळ्यात या," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी तिला या असे कधी म्हटले नव्हते, कारण ती तिथेच असायची. "मला तुम्हाला दाखवायचंय. झेपतंय मला."

 फोन बंद झाला की काय म्हणून मी तो कानापासून दूर घेऊन पाहिला. चालू होता.

"किटली सांडू नकोस," ती म्हणाली, आणि मग बंद झाला.

मी लिस्काला होडीत चढवले. ती माझ्या समोर उभी राहिली, तोंड माझ्याकडे करून. मी वल्ही हातात घेतली आणि तेव्हा, पाण्यात सुटल्यावर, माझ्या लक्षात आले की वल्ही मारणाऱ्याला पुढचे काही दिसतच नाही. कुरण पाठीमागे राहते. समोर दिसतो तो मागे पडत जाणारा काठ, आपले गाव. उल्यानाला इतकी वर्षे रोज हेच दिसत असणार. मला लिस्काच्या शिंगांवरून तिचे घर दिसत होते. निळी झापे बंद होती. रंग अजून नवा होता.

नदीच्या मध्यावर पोचलो तेव्हा मागून शिट्टी आली. तीन स्वर, मग पुन्हा तीन. उंचवट्याच्या बाजूने, अगदी बुंध्याजवळून येत असावी. एकच होता की दोन, तरुण होता की म्हातारा, पायात कडे होते की नाही, मान वळवली असती तर कदाचित दिसले असते. पण मी वळलो की होडी डोलायची आणि लिस्का घाबरायची. म्हणून मी वल्ही मारत राहिलो, शिट्टी पाठीवर घेत, बंद झापांकडे पाहत.